बांधावरची झाडं

वृक्षलागवडीच्या अनुदानासाठी बांधाचा फोटो काढून साहेब गेले, तेव्हा कुठे शिवदासच्या जिवात जीव आला. वीस खड्ड्यांत रोपं नव्हतीच. पहाटे तोडून खोचलेल्या कडुलिंबाच्या फांद्या होत्या.

आठवड्याने तो बांधावर आला, तर अधू डोळ्यांची आई कळशी घेऊन वाकलेली. वीसच्या वीस खड्डे ओले होते.

"आये, कशापायी जीव काढतीस?" तो खेकसला.

"पानं वाळल्यात रं, हाताला लागतंय की," ती म्हणाली. "पर तू लावल्यास न्हवं? धरत्याल जीव."

शिवदासने तिच्या हातातली कळशी घेतली. तो विहिरीवर गेला, भरून आणली आणि वाळक्या फांदीच्या बुडाशी भडाभडा ओतली.

"बेतानं, लेका," आई म्हणाली, "मुळं उघडी पडत्याल."