लाल दिवा

चालकाचं मन स्थिर असल्याशिवाय एसटी सुरूच होत नसे. ऊर्मिलाने कपाळाला मन तपासणारी पट्टी लावली, पण समोरचा दिवा लालच राहिला. आदल्याच दिवशी तिच्या वडिलांचं, अण्णांचं, तेरावं झालं होतं.

“शांतीचं बटण दाबा ताई,” कंडक्टर तांबोळी म्हणाले. “एका झटक्यात दुःख जातं. नाहीतर डेपोवाले दुसरा ड्रायव्हर देतील.”

“दुःखाबरोबर अण्णाही पुसले जातात. मला नको.”

अण्णांनी शिकवल्याप्रमाणे ती बोटांच्या पेरांवर श्वास मोजू लागली. अण्णा आठवत राहिले, तिने आठवू दिले. मागे प्रवासी कुरकुरत होते. ती हलली नाही.

दिवा हिरवा झाला तेव्हा तिचे गाल ओलेच होते. तांबोळींनी डबल बेल दिली.