दोन परशुराम पाटील

"अंगठा मी नाय देनार," जनाबाई म्हणाली आणि तिनं कागद परत त्याच्याकडे सरकवला.

परशुराम पाटील बाळकुमला तिच्या ओटीवर बसला होता. एप्रिलची अठ्ठावीस तारीख होती. तीस तारखेच्या आत या म्हातारीची संमती पोचली नाही, तर पदकाच्या दुरुस्तीची त्याची फाइल कायमची बंद होणार होती. लष्कराच्या कचेरीचं तसं पत्रच आलं होतं.

समोर भिंतीवर तिच्या मुलाचा गणवेशातला फोटो होता. शेजारी काचेत मढवलेलं सन्मानपत्र. त्या मुलाचं नावही परशुराम पाटील. एकाच कंपनीत दोन परशुराम पाटील होते, म्हणून जवान या घाटावरच्याला घाटी म्हणत आणि त्या खाडीकाठच्याला खाडी. एकाहत्तरच्या लढाईत, अकरा डिसेंबरला, घाटी पाटील कमरेला दोर बांधून नदी पोहून गेला. त्या दोराला धरून अख्खी तुकडी पार झाली. पलीकडच्या काठावर त्याच्या मांडीत दोन गोळ्या शिरल्या. पदक जाहीर झालं तेव्हा तो इस्पितळात होता. कारकुनानं नाव बघितलं, नंबर बघितला नाही. पदक खाडी पाटलाच्या नावावर चढलं. खाडी तोवर वारला होता, म्हणून मरणोत्तर. मग त्याच्या मृत्यूची तारीखही कुणीतरी जुळवून अकराच करून टाकली.

बावीस वर्षं घाटी पाटलानं अर्ज केले. साक्ष देणारे साहेब एकेक करून वारले. पण या दारात तो कधी आला नव्हता. आईला जाऊन काय सांगायचं, की तुझ्या पोराचं पदक माझं आहे?

यंदाच्या सव्वीस जानेवारीनं मात्र त्याला आणलं. डोंबिवलीच्या ज्या रंगाच्या कारखान्यात तो वॉचमन होता, तिथं झेंडावंदनाला त्यानं छातीवर पदकाची फीत लावली. कुणीतरी आधीच चौकशी करून ठेवली होती. मॅनेजरनं सगळ्यांदेखत ती काढायला लावली. "मेलेल्या माणसाचं पदक लावतोस? लाज नाही वाटत?"

तेही त्यानं गिळलं असतं. पण घरी आल्यावर त्याच्या मुलानं, सहदेवनं, मान खाली घालून विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुम्ही ते केलेलं ना?"

"आई, पाया पडतो तुमच्या," तो आता म्हणाला. "पदक राहू दे तुमच्याकडं. सन्मानपत्र राहू दे. माझ्या नोकरीच्या पुस्तकात नोंद तेवढी दुरुस्त होऊ दे. माझा पोरगा मला खोटा समजतो."

जनाबाई आत गेली. पत्र्याचा एक डबा घेऊन आली. त्यातून पिवळी पडलेली तार काढून तिनं हातात धरली.

"ही तार आली तवा मास्तरानं वाचून दाखवली. माजा पोर नऊ तारखेला गेला. नऊलाच मी त्याचा पान वाढते. मेलेला मानूस अकराला नदी पोहतो का रं? मला पयल्यापासून ठावं हाय, ते पदक त्याचा नाय."

ज्या पुराव्यासाठी परशुरामनं आयुष्य घासलं, तो हातभर अंतरावर होता.

"मग इतकी वर्षं..."

"वाट बघत व्हते. ज्याचा हाय तो कवातरी येईल, त्यालाच इचारीन. अंगठा देते, तारबी देते. पन आदी सांग. माजा पोर कसा मेला?"

खोटं त्याच्या ओठांवर तयार होतं. छातीवर गोळी झेलली, आई. शेवटपर्यंत हटला नाही. एवढं म्हटलं की काम झालं असतं. सहदेवसमोर तार ठेवता आली असती. त्यानं फोटोकडे बघितलं आणि त्याला ते जमेना.

"ट्रक उलटला, आई. लढाईपासून शंभर मैल मागं होतो आम्ही. मी शेजारीच बसलेलो. मला नुसतं खरचटलं. त्यानं... त्यानं एक गोळीसुद्धा ऐकली नाही."

जनाबाईनं तारेची घडी घातली. ती डब्यात ठेवली. झाकण लावलं.

"म्हंजे माज्या पोरानं कायच केला नाय," ती म्हणाली. त्याला नाही, जमिनीकडे बघून.

सगळं संपलं होतं. परशुरामनं कागद उचलला, दुखरा पाय सावरत उठला, वहाणा घातल्या. पण त्याच्यानं पायरी उतरवेना. तो तिथंच, पायरीवर, खाली बसला.

"आमचा मुलूख दुष्काळी, आई. गुडघ्यावर पाणी मी कधी बघितलं नव्हतं. छावणीत तळं होतं. परशा मला रोज संध्याकाळी ओढत न्यायचा. मी भ्यायचो, शिव्या द्यायचो. तो पोटाखाली हात धरायचा नि म्हणायचा, घाटी, मी सोडत नाय, तू पाय मार. पाच महिने. एक दिवस त्यानं हात काढून घेतलेला, मला कळलंच नाही. नदीत उतरलो तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झालेले. माझ्या एकाही अर्जात हे नाही, आई. तिथं असलं कुणी विचारत नाही."

जनाबाईनं डबा मांडीवर ओढला.

"हात कंचा धरायचा?" तिनं विचारलं.

"डावा."

म्हातारीनं डबा उघडला. तार काढून त्याच्या हातावर ठेवली आणि शाईसाठी अंगठा पुढे केला.

"डावखुराच व्हता," ती म्हणाली.