आढ्याची कडी

“कडीला बांधला दोर बाई, झोळीत झुलते गोदी;
नीज लागू दे डोळ्याला, उन्हा तू येऊ नको मधी…”

पत्र्याखाली झोळीला झोका देत पर्वताबाईंच्या सासूबाई गायच्या. गोदी गेली, चार महिन्यांची. मागोमाग तो आवाजही गेला. आढ्याला लोखंडी कडी तेवढी राहिली.

आता त्याच पत्र्याखाली पर्वताबाई ओल्या पदराने मान पुसत होत्या. चंद्रपूरचा उन्हाळा म्हातारपणी सोसवेना, म्हणून पत्र्याला आतून अस्तर लावायचं ठरलं होतं. पण नवरा स्वतःच दुकानातून नमुने आणी आणि स्वतःच नापास करी.

“थर्माकोल उंदीर कुरतडतील. काचेच्या लोकरीने अंग खाजेल.”

“आणि हा फोमचा?”

“फार जाड आहे.”

“अहो, जाड असेल तरच ऊन अडेल ना? की मला भाजूनच वर पाठवता?”

एरवी ते हसले असते. आज नमुना मांडीवर घेऊन थकल्या नजरेने आढ्याकडे बघत राहिले. लेकीचं नाव त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही काढलं नव्हतं.

“कडी झाकली जाईल गं,” ते म्हणाले. “मग आपली गोदी इथं झुलायची, हे कुणाला दिसणार?”