चार रंगांतला शिवराज

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तीच ती गॉगल लावलेली थोबाडं चिकटवून मला पार किळस आलीय. पण शिवराज म्हणजे जिगरी दोस्त. कॉलेजपासून माझ्या डब्यात जेवणारा. लांबून दिसलो तरी "जय भीम, सिद्धांत भावा!" म्हणून ओरडणारा. त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी यूट्यूब बघून बघून पॉप आर्ट शिकलो. त्याच्या फोटोचे चार चौकोन केले, प्रत्येकात चेहरा वेगळ्या रंगाचा. पिवळा, गुलाबी, जांभळा, निळा.

दुपारी तो माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आला. माझ्या डब्यातली भाकरी मोडता मोडता स्क्रीनकडं बघितलं आणि उडालाच.

"आयला, लई भारी की रे! आमच्या कुंभारी गावात असलं कुणीच लावलं नसंल."

"मग देऊ प्रिंटला?"

"दे की. फक्त ह्यातला निळा तेवढा काढ."

"का रे? त्यातच तर तू एक नंबर दिसतोय."

त्यानं माझ्या आईच्या शेंगाचटणीचं बोट चाटलं, आणि तेच बोट स्क्रीनवरच्या निळ्या चेहऱ्यावर ठेवलं.

 

"राग मानू नको भावा, पण गावातली लोकं मला तुमच्यातला समजतील."