आमी म्हणजे कोण

देवगाव फाट्यावर भुजंग गूळ वाटत होता. सेलूच्या जिनिंगमध्ये व्यंकटरावांकडे रेडिओ होता. सकाळी दार लावून, आवाज बारीक करून तिथे बातम्या ऐकल्या आणि तो निघाला तो वाटेत गूळ घेऊनच. धोतराच्या सोग्यात फोडलेले खडे होते. चहाच्या छपराखाली जो दिसेल त्याच्या हातावर तो एकेक ठेवत होता.

"कामून वाटायलास?" म्हाताऱ्या लिंबाजीने विचारलं.

"हॉकी जिंकलो, काका. लंडनात. इंग्रजाला हरवलं, त्याच्याच मैदानावर."

लिंबाजीने हॉकी कधी पाहिली नव्हती. त्याने खडा तोंडात टाकला. "लय बरं झालं. पर हळू बोल."

हळू बोलण्याचेच दिवस होते. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, पण इकडे अजून निजामाचं राज्य होतं आणि रस्त्यांवर रझाकारांच्या लॉऱ्या फिरत होत्या. अलीकडेच शेजारचं एक गाव जळालं होतं. भुजंगला आज त्यातलं काही सुचत नव्हतं. पूर्णेला रेल्वेच्या मैदानावर तो काही वर्षं बॅक खेळला होता. गोऱ्या साहेबांच्या संघाशी सामना असला की खेळ सुरू होण्याआधीच आपली माणसं खांदे पाडून उभी राहत. त्यानेही पाडले होते. सकाळी रेडिओवर आकडा ऐकला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गोल आलेच नाहीत. ते पडलेले खांदे तेवढे आले, आणि ते हळूहळू वर उचलले जात होते.

जिंतूरच्या बाजूने लॉरी आली आणि छपरापुढे थांबली. बंदुका घेतलेले सात-आठ रझाकार उतरले. चहावाला मागच्या मागे ज्वारीत शिरला. म्होरक्याची नजर गुळावर गेली.

"किस खुशी में?"

लिंबाजी पुढे सरकला. "ह्याला पोरगं झालंय, साहेब. पहिलंच हाय."

म्होरक्या हसला. सोग्यातला एक खडा उचलून त्याने तोंडात टाकला आणि तो वळलासुद्धा. तेवढ्यावर निभावलं असतं.

"पोरगं न्हाई झालं," भुजंग म्हणाला. "हॉकी जिंकलो आमी."

म्होरक्या थांबला. तोंडातला गूळ त्याने थुंकला.

"आमी?" शब्द त्याने मराठीतच उचलला. "आमी म्हणजे कोण? तू तो हुजूर की रयत है."

भुजंगने शब्द मागे घेतला नाही.

बंदुकीचा पहिला दस्ता तोंडावर बसला. दात मोडल्याचा आवाज लिंबाजीला ऐकू आला. दुसरा दस्ता बरगडीत बसला तसा भुजंग चिखलात पडला आणि मग बुटांना थांबा उरला नाही. लिंबाजी आडवा आला. त्याच्या कपाळावर काठी बसली आणि छपराच्या खांबाला धरून तो खाली बसला.

"खेलता है ना तू?" म्होरक्याने लॉरीकडे पाहून हाक मारली. "इस्माईल, दांडा लेके आ. तू भी खेलता था ना."

लॉरी चालू करायचा लोखंडी दांडा घेऊन ड्रायव्हर खाली उतरला. पूर्णेच्या मैदानावर इस्माईल भुजंगच्याच संघात पुढे खेळायचा. मागे भुजंगने अडवलेला चेंडू त्याच्याकडे जायचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओळख कुणीच दिली नाही.

दोघा रझाकारांनी भुजंगचा उजवा हात रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर दाबून धरला. इस्माईल नुसता उभा होता.

"मार," म्होरक्या म्हणाला. "नहीं तो तेरा हाथ रखता."

इस्माईलने मारलं. म्होरक्याने पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा मारलं. मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. भुजंग ओरडला तेव्हा तोंडातून शब्दाऐवजी रक्त आलं.

मग त्यांनी चहाची भांडी उचलली, छपराला काडी लावली. पावसाने भिजलेलं गवत पेटेना, धूर मात्र दाट झाला. एकेक जण लॉरीत चढला. इस्माईल दांडा पुसायला भुजंगच्या शेजारी वाकला. मान न वळवता त्याने विचारलं, "कित्ते?"

भुजंगला कळलं नाही.

"गोल. कित्ते?"

तोंडात रक्त होतं, मोडके दात होते. बोलता येईना. भुजंगने डावा हात चिखलातून वर केला आणि चार बोटं दाखवली.

इस्माईल त्या बोटांकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले. लॉरीतून कुणीतरी शिवी हासडली, चल म्हणून. त्याने आपल्या हाताने ती चार बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ चिखलावर टेकवली.

"नीचे रख," तो म्हणाला. "देखते वो."

स्वतःचा हात मात्र त्याने लगेच काढला नाही.