झऱ्याची बाटली

पद्माकरअण्णांनी वाळवंटातल्या झऱ्याचं पाणी चामराजपेटला आणलं खरं, पण त्यात झऱ्याचा थेंबही नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या मित्रासाठी, पुरुषोत्तमसाठी, मुद्दाम भरून घेतलेली बाटली त्यांनी परतीच्या वाटेवर उंटाच्या पाठीवरच तहानेनं घटाघटा संपवली होती. आज सकाळी गल्लीत टँकर आला, तेव्हा तीच बाटली त्यांनी गुपचूप भरून घेतली.

"काय सांगू पुरुषोत्तमा," खाटेशी बसत अण्णांनी सूर लावला, "चहूकडे तापलेली वाळू आणि मधोमध हा झरा! पाणी इतकं गोड, की प्यायला आलेले उंट परत जायचं नावच घेत नाहीत. तिथंच म्हातारे होतात!"

पुरुषोत्तम खुदकन हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच. वासंतीवहिनींनी डोळे पुसत पळीनं त्याच्या तोंडात पाणी घातलं.

"अमृत रे," तो पुटपुटला.

सुटलो बुवा, असं अण्णांना वाटलं.

"वासंती, उरलेलं याला दे," पुरुषोत्तम म्हणाला. "एवढ्या उन्हात घशाला कोरड पडली असेल, पाणी हाताशी होतं, तरी माझ्यासाठी हा थेंबाला शिवला नाही."

वहिनींनी फुलपात्र पुढे केलं. "घ्या अण्णा, स्वल्प तरी."

अण्णांनी मान खाली घालून ते तोंडाला लावलं. आजवर उंटाएवढ्या थापा लोकांच्या गळी उतरवणाऱ्या अण्णांच्या घशाखाली तो एक घोट काही उतरेना.