कामाक्षीअक्कांचं फाटक

"पोरी, चपला तिथेच. आणि ती पिशवीही."

सौम्याने पिशवी फाटकाबाहेरच्या बाकावर ठेवली. पिशवीत सरकारी ओळखपत्र होतं. ते बाणेदारपणे काढून दाखवायचा बेत तिथेच संपला.

"आज दुसऱ्या गोठ्यात गेली होतीस?" फाटकापलीकडून कामाक्षीअक्कांनी विचारलं.

"नाही अक्का. अड्यारहून थेट आले."

"वाटेत चहा?"

"घेतला. टपरीवर."

"टपरीमागे म्हैस बांधलेली?"

सौम्याला आठवेना. अक्कांनी फाटकाबाहेरच्या न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

सरकारी पशुवैद्य डॉ. सौम्या न्हाऊन, गोठ्यातलं सुती लुगडं आणि गोठ्यातलेच गमबूट घालून आली, तेव्हा फाटकातली वाकून आत शिरण्याएवढी छोटी खिडकी उघडली. माणसांसाठी तेवढीच उघडायची. मोठी दारं बंद, पण बिजागऱ्यांना ताजं तेल होतं. इथे काहीच गंजत नाही, असं सौम्याच्या मनात आलं, आणि तिला उगाच भरून आलं.

भरून येण्यासारखंच होतं. रोगमुक्त कळपाचं प्रमाणपत्र मागणारे गोठे तिने रग्गड पाहिले होते. पाय बुडवायच्या जंतुनाशकाच्या हौदांत बेडकांचे संसार पाहिले होते. 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' या पाटीखाली पत्ते खेळणारे बाहेरचे पाहिले होते. आणि इथे, चेन्नईच्या कडेला अंबत्तूरच्या कारखान्यांच्या पाठीमागे, तंजावरी मराठी घरातली ही विधवा बाई डझनभर गाई अशा सांभाळत होती, की देवघरही फिकं पडावं. नवी गाय आली की महिनाभर वेगळ्या खोपटात. तिची बादली वेगळी, दोर वेगळा, शेण काढणारी बाईसुद्धा वेगळी. सौम्याला कॉलेजात जे जैवसुरक्षा म्हणून शिकवलं, ते या घरात पणजीपासून सोवळं म्हणून चालू होतं.

"अम्मा!" भिंतीपलीकडून हाक आली. अक्कांचा मुलगा उदयसिंह, कारखान्यात इंजिनिअर. "डबा आणलाय. आत येऊ?"

"तुझ्या सासरी गाई आहेत."

"त्या तिरुवळ्ळूरला आहेत!"

"तुझा मेहुणा परवा येऊन गेला ना?"

"अय्यो, मेहुण्याला शिंगं नाहीत, अम्मा!"

"डबा भिंतीवर ठेव. उन्हात राहू दे जरा."

डबा भिंतीवर आला. पाठोपाठ स्कूटर गुरगुरत निघून गेली.

सौम्याला हसू आलं आणि लगेच मावळलं. कोपऱ्यात तुळसी गाय उभी होती. पांढरीशुभ्र, काजळ घातल्यासारखे डोळे. मागच्या महिन्यात ती गाभडली होती, आणि तिच्या रक्ताच्या तपासणीत ब्रुसेला निघाला होता, जनावराकडून जनावराला लागणारा, गाभ पाडणारा रोग. मघापासून अक्कांचा हात तुळसीच्या पाठीवरून हलला नव्हता.

"अक्का, रोग आत कसा आला ते आज सापडलं नाही, तर तुळसीला कळपातून काढावं लागेल. आणि वाट उघडीच राहिली, तर हळूहळू बाकीच्यांनाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुला आत घेतलं. विचार काय ते."

"चारा?"

"आपल्याच रानातला."

"दूध न्यायला येतात ते?"

"कॅन मी बाहेर ठेवते. ते गेले की फरशी धुते."

"कृत्रिम रेतनवाला?"

"तो नळीवाला? दिवसभर दहा गोठे हिंडतो. त्याला फाटकाला हातसुद्धा लावू देत नाही."

सौम्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. रेतनवाल्याचा धोका ओळखणारा मालक तिला आजवर भेटला नव्हता.

"म्हणजे बाहेरचं कुणीच येत नाही?"

"कुणी नाही. देवळातला नारायणस्वामी तेवढा येतो. पण तो काय बाहेरचा?"

"स्वच्छ असतात ना ते?"

"स्वच्छ?" अक्का दुखावल्या. "रोज सकाळी देवळाच्या तळ्यात अंघोळ. कपाळाला नाम, गळ्यात हार. कांदा-लसूण नाही, कुणाच्या घरचं शिजवलेलं नाही. सगळा गाव पाया पडतो."

"आत येताना पाय?"

"मी स्वतः धुते. हळदीच्या पाण्याने. घरातली पद्धतच आहे."

देवळातल्या पुजाऱ्याला म्हातारी अरेतुरे करते, याची सौम्याला गंमत वाटली. चार फुलं टाकून जाणाऱ्या माणसाचेही पाय धुतले जातात! तिने मनातल्या मनात हात जोडले.

"अक्का," ती म्हणाली, "असं फाटक मी कुठे पाहिलं नाही. रोग यातून येणंच शक्य नाही. नक्की प्रयोगशाळेचा घोटाळा. मी तसंच लिहिते, नमुना पुन्हा घेते. तुळसी इथेच राहील."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. काही बोलणार, तोच रस्त्यावर घंटेचा किणकिणाट झाला. त्यांचा चेहरा उजळला.

"पाहिलंस? शुभ बोललीस आणि नारायणस्वामी आला! आता सगळं बरं होईल." लगबगीने त्यांनी हळदीचं तांब्याभांडं उचललं आणि खिडकीला हात न लावता दोन्ही मोठी दारं सताड उघडली.

सौम्याने पदर सारखा केला आणि नमस्कारासाठी हात जोडले.

नारायणस्वामींनी चारही पाय एकेक करून धुऊन घेतले, आणि वशिंड डोलवत ते सरळ तुळसीकडे निघाले.